तुरट

कंपाउंडरकाकांचा स्वतःचा दवाखाना कधीच नव्हता, पण गल्लीतल्या निम्म्या लोकांची अजूनही ठाम समजूत आहे की लहानपणी आपण जगलो ते त्यांच्या हातच्या औषधाने. जन्मभर ते एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे लाकडी खिडकीमागे उभे राहिले. डॉक्टर चिठ्ठीवर काहीतरी खरडायचे. ते वाचता यायचं फक्त काकांना. खुद्द डॉक्टरांनाही यायचं नाही, असं काका सांगतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. मग बाटलीत औषध भरायचं, बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवायची, एक दाता म्हणजे एक डोस, आणि खिडकीतून बाटली देताना म्हणायचं, "हलवून घ्या."

या दवाखान्यात एक चार नंबरचं मिक्श्चर होतं. गुलाबी. ज्यांना काहीही झालेलं नाही पण काहीतरी झालंय असं वाटतं, त्यांच्यासाठी. त्यात पाणी, साखर, चिमूटभर रंग आणि जिभेला जाणवेल इतपत आंबट. डॉक्टरांचं म्हणणं होतं की नुसत्या पाण्यावर माणसाचा विश्वास बसत नाही, त्याला रंग लागतो आणि चव लागते. चार नंबरने लोकांची डोकेदुखी गेली, झोपा परतल्या, एका बाईचं तर सासूशी पटायला लागलं. काकांनी हे पाणी पिंपाने बनवलं असेल. तेव्हा रंगाला भुलू नये हे या जगात कुणाला कळायला हवं होतं, तर ते काकांना. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे काही उगीच म्हणत नाहीत.

काकांच्या बायकोला लोक काकू म्हणतात. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या. अर्ध्या गावाचे नंबर त्यांना तोंडपाठ होते आणि उरलेल्या अर्ध्या गावाच्या भानगडी. लोक नंबर मागायचेच नाहीत. "बाई, माझ्या मेहुण्याला लावून द्या," एवढं म्हटलं की काकू योग्य मेहुण्याला लावून द्यायच्या. घरात दोघांचं भांडण झालं आणि कुणी काय म्हटलं होतं असा प्रश्न आला, की काका आधीच हार मानायचे. काकूंना वाक्यं स्वल्पविरामासकट आठवायची.

आता मात्र त्या वाक्यांना गळती लागली होती. आधी चष्मा, मग किल्ल्या, हे सगळ्यांचंच होतं. पण एकदा किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या, एकदा चहाचं रिकामं भांडं गॅसवर लाल झालं, आणि एकदा काकूंनी शेजारणीला तिच्या नवऱ्याची खुशाली विचारली. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. शेजारीण भली, म्हणाली, "बरे आहेत." काकूंनी घरी आल्यावर स्वतःच आठवून डोक्याला हात लावला आणि दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

मग लेकीने कुठूनशी बातमी आणली. मोठ्या इस्पितळात एक अभ्यास चालू होता. विसरायला लागलेल्या वयस्कर माणसांना फळांच्या अर्काच्या कॅप्सूल द्यायच्या आणि स्मरणशक्तीत फरक पडतो का ते बघायचं. निम्म्यांना खऱ्या, निम्म्यांना खोट्या. कुणाला कुठल्या मिळाल्या हे शेवटपर्यंत कुणालाच सांगायचं नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ते ठाऊक नसणार.

"बाबा, तुम्हीही नाव द्या," लेक म्हणाली. "दोघं घेत असलात म्हणजे आईचा डोस चुकणार नाही."

"मला काय झालंय?"

"परवा चष्मा लावून चष्मा शोधत होतात."

काकांनी नाव दिलं.

पहिल्या दिवशी इस्पितळाच्या मागच्या इमारतीत एका खोलीत बसवलं. टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर मेंदूचं चित्र, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या होत्या आणि सावकाश बोलत होत्या. काळी द्राक्षं, बेरी, डाळिंब यांच्या सालींत आणि बियांत पॉलिफिनॉल नावाची द्रव्यं असतात, त्यांनी सांगितलं. उंदरांना फायदा झालेला दिसलाय. माणसांचं अजून नक्की नाही, म्हणून तर अभ्यास.

"सोपं सांगायचं तर," त्या काकूंकडे वळून म्हणाल्या, "अर्धकच्चं फळ चावलं की जीभ आखडते ना? तो जो तुरटपणा असतो, तोच आम्हाला हवाय."

काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. काकांचं लक्ष नव्हतं. पलीकडच्या टेबलावर सिस्टर बाटल्यांना लेबलं लावत होती आणि एक लेबल तिरकं लागलं होतं. ते तिरकं लेबल काकांना इतकं खुपलं की तुरटपणाचं वाक्य त्यांच्या एका कानातही शिरलं नाही, दुसऱ्यातून बाहेर पडणं दूरच.

मग परीक्षा झाली. सिस्टरने पंधरा शब्द वाचून दाखवले आणि आठवतील तेवढे परत सांगायला लावले. काकूंनी सात सांगितले आणि वर दोन पदरचे घातले. "हे दोन नव्हते, काकू," सिस्टर हसून म्हणाली. "नव्हते तर असायला हवे होते," काकू म्हणाल्या. जाताना सिस्टरने प्रत्येकाच्या हातात आपापली बाटली दिली आणि बजावलं की कॅप्सूल अख्खी गिळायची, उघडायची नाही.

कंपाउंडरला कॅप्सूल उघडू नको म्हणणं म्हणजे शिंप्याला कात्री लावू नको म्हणणं. आणि निमित्तही आयतं मिळालं. कॅप्सूल चांगली बोटाच्या पेराएवढी होती, काकूंच्या घशाखाली उतरेना. तिसऱ्या ठसक्यानंतर काकांनी ती चिमटीत धरली, अलगद फिरवून दोन टोपणं वेगळी केली आणि भुकटी चमच्यातल्या पाण्यात ओतली. भुकटी मातकट, तपकिरी. काकूंनी चमचा तोंडात रिकामा केला आणि चेहरा आक्रसून घेतला.

"तुरट आहे," त्या म्हणाल्या. "जीभ आखडली. म्हणजे हे खरंच असणार. त्या बाई म्हणाल्या होत्या ना, तुरट ते हवंय म्हणून."

"कोण बाई?"

"डॉक्टरीण. कच्च्या फळाचं सांगत नव्हत्या का?"

"कच्च्या फळाचं कोण बोललं? द्राक्षं, डाळिंब म्हणाल्या त्या. तुझं आपलं काहीतरीच."

काकांनी आपली कॅप्सूल उघडली. आतून गर्द जांभळी पूड निघाली. बोटाने चाटली तर आंबटगोड, अगदी फळाची आठवण करून देणारी. घरात एकच खरी बाटली आली होती आणि ती चुकीच्या माणसाला मिळाली होती. ज्याला फक्त चष्मा सापडत नाही त्याला औषध, आणि जिचं सगळं हातातून सुटत चाललंय तिला माती.

इथे काकांची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल की त्यांना क्षणभरही स्वतःचा मोह झाला नाही. दुपारी काकू पडल्या असताना त्यांनी टेबलावर स्वच्छ कागद पसरला, दोन्ही बाटल्या त्यावर ओतल्या आणि एकीतल्या दुसरीत भरल्या. लेबलं जिथल्या तिथे. टोपणं घट्ट लावली. हात सराईतपणे चालले. इतक्या वर्षांची सवय होती, आणि आपण बायकोचं भलं करतोय याची खात्रीही.

दुसऱ्या दिवशी चमच्यात जांभळं पाणी होतं. काकूंनी ते घेतलं आणि थांबल्या.

"आज आंबट लागतंय."

"हं."

"काल तुरट होतं."

काकांना खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगितलं तर काकू ते तपासणीच्या वेळी सिस्टरपुढे बोलून मोकळ्या होणार. ऑपरेटर असताना गुपितं राखणारं ते तोंड आता भरवशाचं राहिलं नव्हतं. दोघांनाही अभ्यासातून काढून टाकलं असतं आणि औषध गेलं असतं. म्हणून काका म्हणाले, "काल कुठे तुरट होतं? कधीच नव्हतं. पहिल्यापासून हेच आहे."

"अहो, जीभ आखडली होती माझी."

"अगं, नव्हतं म्हणतो ना मी."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "असेल. मला हल्ली काही लक्षात राहत नाही."

काकांना हायसं वाटलं. खोटं पचलं की माणसाला तसं वाटतंच.

पुढे दर खेपेला नव्या बाटल्या आल्या की काका त्या बदलायचे. काकू आंबट पाणी मुकाट्याने घ्यायच्या, काका तपकिरी कॅप्सूल अख्खी गिळायचे. आणि काका डोळ्यात तेल घालून वाट बघत होते. सुरुवातीला त्यांना फरक दिसलाही. काकूंना एका सकाळी बँकेतल्या कारकुनाचं आडनाव आठवलं तेव्हा काकांनी मनातल्या मनात त्या जांभळ्या पुडीला हात जोडले. बघायचंच ठरवलं की काहीही दिसतं. चार नंबरच्या गिऱ्हाइकांनाही असंच दिसायचं.

पण हळूहळू दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. काकू विचारायला लागल्या. आधी त्या चुकायच्या, पण ठणकावून चुकायच्या. किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि वर काकांनाच विचारायच्या की तिथे कशाला ठेवल्यात. आता त्या कप हातात धरून विचारायच्या, "अहो, मी चहा प्यायले का?" कपात तळाशी चहा दिसत असायचा. खिडकीबाहेर ओली जमीन दिसत असताना विचारायच्या, "पाऊस पडून गेला का हो?" लेकीचा फोन आला आणि तिने विचारलं, आई, कशी आहेस, तर काकू फोनवर हात ठेवून काकांना विचारायच्या, "मी बरी आहे ना?"

काका दर वेळी खरं उत्तर द्यायचे. त्यांना वाटायचं, आजार पुढे सरकतोय.

सहा महिन्यांच्या तपासणीत सिस्टरने पुन्हा पंधरा शब्द वाचले. काकूंनी तीन सांगितले आणि काकांकडे पाहिलं. काका मागच्या खुर्चीवर होते, त्यांनी नजर खाली घातली. "आणखी?" सिस्टर म्हणाली. "मला नाही आठवत," काकू म्हणाल्या. "प्रयत्न करा की." "नको. चुकीचं सांगेन."

बाहेर पडताना सिस्टर काकांना हळूच म्हणाली, "आधी काकू चुकीचं का होईना, पण सांगायच्या. आता तोंडच उघडत नाहीत. घरी कुणी सारखं टोकतं का त्यांना?"

"छे," काका म्हणाले. आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं.

अभ्यास संपला तेव्हा सगळ्यांना बोलावून कुणाला काय मिळालं ते सांगितलं. काकू त्या दिवशी लेकीकडे होत्या, काका एकटेच गेले. तीच खोली, मेंदूचं तेच चित्र. डॉक्टरीणबाईंनी संगणकात पाहिलं.

"काका, तुमची खोटी होती. काकूंना खरी मिळाली होती."

काका हसले. त्यांना वाटलं, बाईंचा घोटाळा झालाय.

"उलट असेल," ते म्हणाले. "माझी जांभळी होती."

बोलून गेले आणि मग जीभ चावली. पण डॉक्टरीणबाईंनी ते पकडलं होतं. "जांभळी? तुम्ही उघडून पाहिलीत?" मग सुस्कारा सोडून त्या म्हणाल्या, "जांभळी म्हणजे मक्याचं पीठ. कुणी उघडलीच तर फळासारखी वाटावी म्हणून रंग घातला होता आणि थोडं आंबट. खरा अर्क तपकिरीच दिसतो. पहिल्याच दिवशी नव्हतं का मी सांगितलं? तुरट असतो तो. अर्धकच्च्या फळासारखा."

रंग आणि थोडं आंबट. पिंपाने बनवलेलं ते पाणी त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. आयुष्यभर लोकांना जे पाजलं तेच शेवटी स्वतःच्या बायकोला चमच्याचमच्याने पाजलं होतं, आणि खरं औषध काढून स्वतः गिळलं होतं. पण हे त्यांना जितकं लागायला हवं होतं तितकं लागलं नाही, कारण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी लागलं होतं. कच्च्या फळाचं सांगत नव्हत्या का, असं काकू म्हणाल्या होत्या. शब्दन् शब्द बरोबर म्हणाल्या होत्या.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. बाई चिडल्या आणि ते रास्तच होतं. दोघांचीही माहिती अभ्यासातून वगळावी लागणार होती. काकांनी ऐकून घेतलं आणि मग ज्यासाठी ते थांबले होते ते विचारलं.

"माझ्यामुळे तिचं नुकसान झालं का?"

बाईंचा आवाज जरा खाली आला. "खरं सांगू? ज्यांनी खऱ्या घेतल्या त्यांच्यात आणि खोट्या घेणाऱ्यांत फार फरक दिसला नाही. एका चाचणीत किंचित, बाकी काही नाही. कॅप्सूल बदलल्याने काकूंचं काही बिघडलं असं मी म्हणू शकत नाही. घेतल्या असत्या तर काही झालं नसतं, असंही म्हणू शकत नाही."

"कॅप्सूलचं नाही विचारत मी," काका म्हणाले. पण मग काय विचारतोय ते त्यांनी सांगितलं नाही, कारण त्याचं उत्तर बाईंच्या संगणकात नव्हतं.

संध्याकाळी लेक काकूंना सोडून गेली. काकांनी त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि समोर बसून पहिल्यापासून सांगितलं. तिरकं लेबल, तपकिरी पूड, जांभळी पूड, कागदावर ओतलेल्या बाटल्या. आणि शेवटी म्हणाले, "तू म्हणालीस तुरट आहे. मी म्हटलं कधीच नव्हतं. होतं. तुझंच बरोबर होतं."

काकूंनी नीट ऐकलं. "मी असं म्हणाले होते?"

"हो."

"आणि मला आठवत होतं?"

"स्वच्छ आठवत होतं. मलाच आठवत नव्हतं."

मग काकूंना राग आला. बऱ्याच दिवसांत इतका राग त्यांना आला नव्हता. "म्हणजे मी शुद्धीवर असताना मला वेड्यात काढलंत? माझ्या तोंडातली चव मला कळत नाही, तुम्हाला कळते?" त्या अशा काही बोलल्या की काकांना जुनं घर परत मिळाल्यासारखं झालं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. रात्री काकू त्यांच्याकडे पाठ करून झोपल्या.

सकाळी त्या उठल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी चहा प्यायले का?"

राग गेला होता. रागाचं कारणही गेलं होतं, आणि आपण बरोबर होतो हेही. काकांना माफी मिळाली होती असं म्हणावं, तर माफ करणारीला अपराध ठाऊक नव्हता. गप्प बसले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. इतक्या स्वस्तात कुणाचंच मिटत नाही. काकांनी दोन कप चहा केला, टेबलाशी बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काकू पुन्हा तितक्याच भडकल्या.

तेव्हापासून तो रोजचा डोस झाला. सकाळी, चहाबरोबर. काका सांगायचे, काकू झाडायच्या. कधी खूप चिडायच्या, कधी पोट धरून हसायच्या की कंपाउंडर असून फसलात, एकदा नुसत्या रडल्या. लेकीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, कशाला रोज तिला त्रास? विसरलीय तर विसरू दे ना." काका म्हणाले, "विसरली म्हणजे 'तुरट नव्हतं' हे माझंच खरं राहिलं." लेकीला ते पटलं की नाही कोण जाणे, पण ती पुन्हा बोलली नाही.

कधी सुरू झालं ते नक्की सांगता येत नाही, पण काकूंचं ते विचारणं थोडं कमी झालं. किल्ल्या फ्रीजमध्ये जातच होत्या. त्यात काही फरक नव्हता आणि पडणारही नव्हता. त्या चुकतच होत्या. मात्र पुन्हा ठणकावून चुकायला लागल्या होत्या.

मग एका सकाळी काकांनी कप टेबलावर ठेवले, घसा खाकरला आणि म्हणाले, "अगं, तुला एक सांगायचंय."

"थांबा," काकू म्हणाल्या. "आज मी सांगते."

काकांनी आपला कप उचलला.

"त्या कॅप्सूल होत्या. माझी तुरट होती. मी सांगितलं होतं तुरट आहे म्हणून, त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं. आणि मग," काकूंनी कपाळाला बोट लावलं, "मग लेकीने बाटल्या बदलल्या. तुम्ही बिचारे तिला किती सांगत होतात, तुरटच आहे गं, तुरटच आहे. पण ती ऐकेना." त्यांनी काकांकडे पाहिलं. "असंच ना?"

किती दिवसांनी त्या सलग एवढं बोलल्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता. आणि त्यांच्या गोष्टीत काका भले ठरले होते.

काकांनी कप खाली ठेवला.

"बाटल्या मी बदलल्या," ते म्हणाले. "तिने नाही. आणि नव्हतं तुरट, असं मी म्हणालो. बाकी सगळं तुझं बरोबर आहे."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. हळूहळू भुवया चढल्या.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"मी."

"बसा तिथे," काकू म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढून सुरू झाल्या.